गेलेल्याचे कुलूप

मनुष्य देह ठेवून जातो तेव्हा त्याच्या पाठीमागे घर, जमीन, भांडीकुंडी, देणेघेणे राहते. अलीकडच्या काळात त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे कुलूप. पूर्वी कुलपे नव्हती असे नाही. आजोबांची शिसवी पेटी असायची, तिची किल्ली करगोट्याला बांधलेली असायची. आजोबा गेले म्हणजे दिवस झाल्यावर भावकीतली चार शहाणी माणसे बसवून ती पेटी सर्वांदेखत उघडायची, असा रिवाज होता. किल्ली नाही सापडली तर गावात लोहार होताच. आता पेटीच्या जागी लॅपटॉप आला आहे. त्याची किल्ली लोखंडाची नसते. ती त्या माणसाच्या स्मरणात असते, आणि स्मरण तर त्याच्याबरोबरच जाते.

मागे राहिलेल्यांनी हे कुलूप उघडावे काय? आणि उघडलेच, तर आत किती जावे? हा यंत्राचा प्रश्न आहे, तो दुकानदाराने सोडवावा, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. यंत्राचा भाग त्यात चार आण्यांचा आहे, बाकीचे बारा आणे माणसांचे आहेत.

आमच्या रसायनीकडे हा प्रश्न अलीकडे घरोघर येऊ लागला आहे. पाताळगंगेच्या काठचा हा टापू नावाप्रमाणेच रसायनांच्या कारखान्यांचा. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली निघाली, पुढे तिचा कारखाना इथे उभा राहिला, वसाहत झाली, मोहोपाड्याची बाजारपेठ वाढली. २०१७ साली सरकारने इथला तो कारखाना गुंडाळण्याचे ठरवले. भात लावणाऱ्यांची मुले या कारखान्यांतून नोकरीला लागली, निवृत्त झाली, आणि आता ती पिढी एकेक करून जाऊ लागली आहे. बापाच्या पिढीचा हिशेब वहीत होता. या पिढीचा निम्मा वहीत, निम्मा यंत्रात. म्हणून घोळ.

असेच एक घर आमच्या ओळखीचे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले, माळकरी. आमच्या खालापूर-कर्जत भागातल्या दिंड्या भात घरात आले की कार्तिकीला बोरघाट चढून आळंदीस निघतात, त्यांपैकी एका दिंडीचा हिशेब हे गृहस्थ पाहत. तांदूळ किती जमले, टेंपोचे भाडे किती, कोणाची वर्गणी राहिली, सारे चोख. पुढे मुलाने लॅपटॉप घेऊन दिला, तेव्हापासून वही बंद आणि सगळे त्याच्यात. एके दिवशी रात्री छातीत कळ आली आणि पहाटेपर्यंत आटोपले. दिंडी निघायला थोडेच दिवस राहिले होते.

दिवस झाले, आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. घरी गृहस्थांची म्हातारी आई, पत्नी, पुण्याला नोकरी करणारा मुलगा, पनवेलला दिलेली मुलगी, आणि शेजारीच राहणारा धाकटा भाऊ. मुलगा म्हणाला, विम्याचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचे आकडे, दिंडीचे पैसे सगळे आत आहे, उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यावर वहिनी म्हणाल्या, "अरे, ह्यांनी कुलूप लावलं ते कुणी उघडू नये म्हणूनच ना? मग ते गेल्यावर आपण कसं उघडायचं?" मुलाने सांगितले, "आई, कुलूप चोरासाठी असतं. आपण का चोर आहोत?"

वाचकहो, सगळा वाद या दोन वाक्यांत आला आहे. दोघांचेही बोलणे खरे आहे, पण दोघांचेही अपुरे आहे. कुलूप चोरासाठी असते हे खरे. परंतु घरात राहणारी माणसेही आपापली ट्रंक निराळी ठेवतात, ती काही एकमेकांना चोर समजून नव्हे. आत चोरण्याजोगे काही नसले तरी माणसाला आपला एक कोपरा असावासा वाटतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, कुलूप लावणारा प्रत्येक जण 'माझ्या मागेही हे उघडू नका' असे सांगत असतो, हे तरी कशावरून? पुष्कळांनी तर त्या यंत्राने पहिल्याच दिवशी परवलीचा शब्द मागितला म्हणून दिलेला असतो. त्यात विचार कसला नि हेतू कसला! गेलेल्याच्या कुलपावरून त्याच्या मनाचा ठाव घ्यायला जाऊ नये. तिथे आपण आपल्याच मनातले वाचतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहून ठेवू, कारण पुष्कळ भांडणे कायदा ठाऊक नसल्याने होतात. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याचा संगणक मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीवाचून उघडणे हा अपराध आहे, त्याची भरपाई द्यावी लागते. मग मालक वारल्यावर मालक कोण? मृत्युपत्र नसेल तर १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हक्काचे. भाऊ त्या वर्गात येत नाही. आमच्या या घरात पाहा, सगळ्यांत मोठ्याने बोलत होता तो धाकटा भाऊ, ज्याचा कायद्याने काडीचा संबंध नव्हता. आणि ज्या म्हातारीला कोणी विचारले नाही, तिचा चौथा हिस्सा!

नाव लावून ठेवणे ही गोष्ट निराळी आणि मालकी निराळी, हेही लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या कालनिर्णयात बघून आपण एकादशी धरतो ते जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. मृत्युपत्र त्यांनी २०११ सालीच करून ठेवले होते. तरीही काही गुंतवणुकींवर ज्यांची नावे नेमलेली होती त्यांची ती मालमत्ता की सर्व वारसांची, असा दावा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल झाला की, नेमलेला मनुष्य म्हणजे मालक नव्हे, वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच किंवा मृत्युपत्राप्रमाणेच व्हायची. म्हणजे ज्याच्या हाती किल्ली, त्याचीच पेटी असे नाही. किल्ली सांभाळणारा हा विश्वासाचा धनी. लॅपटॉप ज्याला उघडता आला त्याने आतला मालही आपलाच म्हणू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे.

तर मुलगा लॅपटॉप घेऊन बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुकानदार वयाने लहान, पण शहाणा. त्याने आधी मृत्यूचा दाखला मागितला, आणि "आईंना घेऊन या, त्यांच्यासमोर बघू" म्हणाला. आम्हाला त्याचे फार कौतुक वाटले. मग त्याने समजावून सांगितले, ते आम्हाला कळले तसे सांगतो. कुलूप दोन तऱ्हेचे. एका तऱ्हेत नुसता दरवाजा बंद असतो, आतला माल मोकळाच असतो. साठवणीची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सारे दिसते. दुसऱ्या तऱ्हेत आतले प्रत्येक अक्षरच गूढलिपीत असते. डिस्क काढली तरी नुसता भुसा. ती उलगडायला विंडोजच्या यंत्रात ४८ आकड्यांची एक लांबलचक संख्या लागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर असते, किंवा त्याने कुठे छापून ठेवलेली असते. ती नसेल तर दुकानदार नाही, पोलीस नाही, कंपनीदेखील काही करू शकत नाही. नव्या यंत्रांत बहुधा ही दुसरी तऱ्हा असते, मालकाला ठाऊक असो वा नसो.

यांचे यंत्र दुसऱ्या तऱ्हेचे निघाले. दोन दिवस घरात शोधाशोध. शेवटी विजेच्या बिलांच्या फायलीत, लॅपटॉपच्या पावतीला टाचलेला एक कागद मुलीला सापडला, त्यावर ते आकडे. वहिनींचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे ह्यांनीच ठेवलीय की आपल्यासाठी!" आम्ही त्यांना काही बोललो नाही. पण विचार केला तर, तो कागद त्यांनी मागच्यांसाठी ठेवला की स्वतः विसरलो तर असावा म्हणून ठेवला, हे कोण सांगणार? किल्ली सापडणे आणि परवानगी मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सापडलेल्या किल्लीने दार उघडते खरे, पण आत कुठवर जायचे ते ती सांगत नाही.

इथे आपल्या संप्रदायातली एक कथा आठवते, सर्वांच्या तोंडपाठ असलेली. आळंदीला ज्ञानोबारायांच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली, त्यांनी नाथमहाराजांना स्वप्नात तसे सांगितले, आणि नाथ पैठणाहून आळंदीस येऊन समाधीत उतरले. कथा आपण भक्तिभावाने ऐकतो, पण तिच्यातला शिष्टाचार ध्यानात घेत नाही. संतांनी आतून लावलेले दार उघडायला नाथांसारख्याला अधिकार कशाने आला? हाक आली म्हणून. आणि आत जाऊन त्यांनी काय केले? ज्या कामासाठी बोलावले ते केले. मुळी बाजूला केली आणि बाहेर आले. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही स्वतःचे एक अक्षर त्यात मिसळू नये असा दंडक सर्वांना घालून दिला. दुसऱ्याच्या ठेव्यात शिरायचे तर असे शिरावे.

त्या घरात तसेच ठरले, आणि ठरवले ते मुलीने. तिने कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. विमा, निधी आणि बँकेचे कागद, दिंडीचा हिशेब, आणि नातवंडांबरोबरचे फोटो. एवढेच पाहायचे, आणि आई-आजीच्या समोर पाहायचे. बाकी ज्या कप्प्याला हात लावायचे काम नाही त्याला लावायचा नाही. धाकट्या काकांना हे पटले नाही. "एकदा उघडलंच आहे तर सगळं बघून घ्या," असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे सरळ वाटते, पण धोक्याचे आहे. वैद्याने पोटातला खडा काढायला पोट उघडले, म्हणून तो काय आतडी मोजत बसतो?

पहिल्या दिवशी विम्याचे कागद मिळाले, फोटो मिळाले. दिंडीचा हिशेब पैन् पै बरोबर निघाला. आणि त्याच हिशेबाच्या शेजारी एक यादी निघाली. गृहस्थांनी हातउसने दिलेल्या पैशांची. पाच-सहा नावे, सारी गावातली, दोघे तर टाळकरी. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. घेणारे गप्प बसले असते तर कोणाला कळलेही नसते.

लगेच दोन पक्ष झाले. काका म्हणाले, वसूल करा. मुलगा म्हणाला, सोडून द्या, बाबांच्या नावाने पुण्य. ऐकणाऱ्याला मुलाचे बोलणे बरे वाटेल. पण इथे तुकोबारायांच्या चरित्रातला प्रसंग नीट आठवावा. बोल्होबांच्या सावकारीची खते घरात होती. लोकांकडचे येणे त्यात लिहिलेले. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली, असे आपण कीर्तनात ऐकतो. पण सगळी बुडवली का? नाही. महिपतींनी लिहिले आहे ते असे की, खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा अर्धा त्यांच्या हाती दिला आणि आपला अर्धा तेवढा नदीत टाकला. आम्हाला त्या प्रसंगातला हा अर्धा भागच मोठा वाटतो. आपले सोडणे हे वैराग्य. भावाचेही आपल्याच मनाने सोडून देणे याला वैराग्य म्हणत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे म्हणतात. मुलाला चांगला पगार आहे, त्याला सोडणे सोपे. पण त्या पैशात आईचा हिस्सा होता, बहिणीचा होता, आजीचा होता.

म्हातारी भिंतीशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माज्या वाट्याचं मी सोडलं. बाकीच्यांचं ज्यानं त्यानं बघावं." तिला वारसा कायदा कोणी शिकवला नव्हता. पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे : त्या यादीतल्या तिघांनी आपण होऊन पैसे आणून दिले, एकाने वहिनींच्या पाया पडून मुदत मागितली, आणि बाकीच्यांनी अजून विषय काढलेला नाही. त्यांना कोणी विचारलेलेही नाही.

आता अवघड भाग. त्या यंत्रात पत्रव्यवहाराचा एक कप्पा होता. कोणा जुन्या मित्राशी अनेक वर्षे लिहिणे चालले असावे, एवढे वरवर दिसले. काका म्हणाले, त्यातही कुठे पैसे गुंतवले असतील तर? वहिनींनी तो कप्पा उघडू दिला नाही. म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात विचारल्याशिवाय हात घातला नाही. आता ते अडवायला नाहीत म्हणून घालू?"

कोणी म्हणेल, पत्नीला जाणण्याचा हक्क नाही काय? आहे. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी तसा निकालच दिला. बर्लिनमध्ये २०१२ साली एक पंधरा वर्षांची मुलगी रेल्वेखाली सापडून वारली. अपघात की आणखी काही, हे आईबापांना समजेना. तिच्या फेसबुकच्या खात्यात काही उलगडा होईल म्हणून त्यांनी ते मागितले, कंपनीने नाकारले. कंपनीचे म्हणणे असे की, तिला ज्यांनी विश्वासाने लिहिले त्या इतरांचे गुपित आम्हाला राखले पाहिजे. न्यायालयाने सांगितले, घरातली रोजनिशी आणि पत्रे जशी वारसाकडे जातात तसेच हेही जाते. त्या आईबापांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच मागितले असते. तिथे हाक होती. मुलगी का गेली, या प्रश्नाने त्यांना झोप येत नसेल.

पण कंपनीच्या म्हणण्यातही एक खरी गोष्ट होती, ती हरली म्हणून खोटी होत नाही. पत्राला दोन टोके असतात. एक टोक गेले, दुसरे कुठेतरी जिवंत आहे. त्या मित्राने जे लिहिले ते आपल्या मित्रासाठी लिहिले, त्याच्या घरच्या पाचजणांसाठी नव्हे. आपण म्हणतो गेलेल्याला आता काय लाज, काय लपवायचे. ठीक. पण जिवंत माणसाचे काय? त्याच्या अर्ध्या वाट्याची खते आपण कशी फोडायची? म्हणून आमचे मत असे की, ज्यावाचून देणेघेणे अडते, औषधपाणी अडते, किंवा काळीज अडते, ते उघडावे. नुसती उत्सुकता अडते म्हणून उघडू नये. वहिनींना हक्क होता, आणि त्यांनी तो वापरला नाही, यात त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. दुसऱ्या बाईने वाचले असते तर तिलाही आम्ही दोष दिला नसता.

याच्या उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले वरसई हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे जन्मगाव. या माणसाने सारा जन्म लोकांच्या माळ्यावरची दप्तरे उघडण्यात घालवला. १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात पानिपताच्या काळची पत्रे. १९२६ साली ते गेले तोवर खंडांमागून खंड निघाले. ती पत्रेही कोणीतरी विश्वासानेच लिहिलेली होती. लोकांनी 'आमच्या वाडवडिलांचे खासगी' म्हणून रुमाल सोडलेच नसते तर वाळवीने खाल्ले असते, आणि आपल्याला आपलाच इतिहास कळला नसता. तिकडे युरोपात काफ्का नावाचा लेखक १९२४ साली वारला. माझे सारे लिखाण न वाचता जाळून टाक, असे तो मित्राला लिहून गेला. मित्र माक्स ब्रोट याने जाळले नाही, छापले, आणि जग आज काफ्काला ओळखते ते त्यामुळे. मग ब्रोटने विश्वासघात केला की उपकार? लोक त्याला उपकार म्हणतात. आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. राजवाड्यांचे मात्र ठरवता येते : पत्र लिहिणाऱ्याला दीडशे वर्षे झालेली, दोन्ही टोके गेलेली, लाजणारे कोणी उरलेले नाही. काळ हा देखील एक किल्ली आहे.

परंतु ही किल्ली नव्या पेटीला लागत नाही, हीच अडचण आहे. कागद माळ्यावर शंभर वर्षे थांबतो. वाळवीतून वाचला तर राजवाड्यांसारखा कोणी येतो आणि वाचतो. गूढलिपीतली डिस्क थांबत नाही. ते आकडे हरवले की ती जन्माची मुकी. इंटरनेटवरच्या ठेव्याची तीच गत : गूगलने दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचा नियम २०२३ पासून लावला आहे. मोबाईलचा नंबरही बराच काळ न वापरता राहिला तर बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग त्या नंबरावर येणारे सारे परवलीचे आकडे तिसऱ्याच माणसाच्या हाती. म्हणून कोणी गेले तर महिना-दोन महिने तो नंबर चालू ठेवावा. मात्र त्यावर आकडे मागवून गेलेल्याच्या बँकेतले पैसे काढू नयेत. बँकेला मृत्यूचा दाखला देऊन रीतसर मागणे करावे. घाईने काढलेला पैसा पुढे भावंडांत वैर लावतो, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

यावर उपाय मागच्यांच्या हाती थोडा आहे, जाणाऱ्याच्या हाती पुष्कळ आहे. आपल्या भाषेत त्याला एक जुना शब्द आहे, निरवानिरव. पूर्वी मनुष्य काशीयात्रेस निघे तेव्हा परत येण्याचा भरवसा नसे. तो सगळी निरवानिरव करून निघे. गाय कोणाकडे, किल्ली कोणाकडे, कोणाचे देणे, कोणाकडून येणे. वारीला निघतानाही आपल्या आयाबाया शेजारणीला सांगून जातात, पिठाचा डबा इथे, देवाची वात तेवढी लाव. असे सांगताना कोणाला अभद्र वाटत नाही. मग परवलीचा शब्द कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, कपाटात ठेवायलाच का अभद्र वाटावे?

त्या लिफाफ्यात नुसती किल्ली नको. काय उघडावे आणि काय न पाहता पुसावे, हेही दोन ओळींत लिहावे. मागच्यांना खरी मदत त्या दोन ओळींची होते, कारण त्यांच्या मनावरचे ओझे उतरते. यंत्रवाल्या कंपन्यांनीही सोयी केल्या आहेत. गूगलच्या खात्यावर २०१३ पासून दहापर्यंत माणसांची नावे देता येतात. आपण ठरवू तितके महिने, तीनपासून अठरापर्यंत, खाते निजलेले राहिले की त्यांना कळवले जाते, आणि जेवढे आपण सांगू तेवढेच त्यांना मिळते. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरपासून तशी तजवीज केली. आपल्याकडे २०२३ सालच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमात, आपल्या मागे आपले हक्क कोणी चालवावे त्याचे नाव नेमण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. मृत्युपत्र मात्र अजून यंत्रात चालत नाही. ते कागदावरच हवे, दोन साक्षीदारांसमोर सही करून.

सार्वजनिक हिशेबाची गोष्ट तर याहून सोपी आहे. दिंडीचा पैसा हा दिंडीचा. तो एकट्याच्या कुलपात असूच नये, मग तो एकटा कितीही सज्जन असो. आमच्या त्या दिंडीने आता हिशेब पुन्हा वहीत लिहायला सुरुवात केली आहे. यंत्रातही ठेवतात, पण परवलीचा शब्द तिघांना ठाऊक आहे, त्यांत एक बाई आहे.

त्या घरातला तो पत्रांचा कप्पा अजून तसाच आहे. मुलगा म्हणतो पुसून टाकू, नाहीतर उद्या नातवंडे उघडतील. मुलगी म्हणते त्या मित्राचा पत्ता शोधू आणि त्यालाच विचारू. वहिनींनी डिस्क एका रुमालात बांधून कपाटात ठेवली आहे, आकड्यांचा कागद म्हातारीच्या उशाखालच्या पिशवीत आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर काय ते ठरवायचे, असे बोलणे झाले आहे.